मेंढा तटाला लागण्याआधी

"वर कोण आहे, ऐकून घ्या," कारो खालून ओरडला. "शेवटचं सांगतोय. मेंढा तटाला लागायच्या आत वेस उघडलीत तर कुणाच्या जिवाला धक्का नाही. एकदा लागला, की मग आमच्याकडं काही मागायचं नाही."

मी तटावर पाय पसरून बसलो होतो. सकाळपासून वेस आतून चिणून चिणून माझे खांदे भरून आले होते. कारो नदीपलीकडच्या गावचा. पूर्वी आमच्या बाजारात मीठ विकायचा, आता रोमनांचा दुभाष्या झाला होता. अंगावर त्यांचा लाल झगा होता आणि तो त्याला लांब होत होता.

"कारो, मीठ काय भाव दिलंस?" आमच्यातलं कुणीतरी ओरडलं.

"मिठाचं नंतर बघू. खारवायला तुझं काही शिल्लक राहतंय का ते आधी बघ."

तटावरचे हसले. लितेन्नो मात्र हसला नाही. तो गावाचा सगळ्यांत वडीलधारा, पंचांमध्ये त्याचा शब्द शेवटचा. तो दगडावर हात टेकून खाली वाकला.

"उद्या सांगतो म्हणावं."

"उद्या नाही, काका. आमचा सरदार ट्रेबियस म्हणतो तुमचं बोलणं पुरे झालं. मागच्या वेळी इकडं बोलणी लावलीत आणि तिकडून येऊन आमचा मांडव जाळलात. आता तो तोंडाचं ऐकणार नाही. त्याला वेस उघडी दिसली पाहिजे."

हे खरं होतं. बोलणी करायला माणसं पाठवायची आणि तेवढ्यात दुसऱ्या बाजूने बाहेर पडून त्यांचा मांडव पेटवायचा, ही युक्ती लितेन्नोचीच. त्या दिवशी गावात त्याचं फार कौतुक झालं होतं.

ज्यांनी वेढा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचं तोर्मा हे हिस्पानियातल्या एका टेकडीवरचं मेंढपाळांचं गाव. रोमनांनी आधी टेकडीभोवती चर खणला आणि चराच्या आत लाकडी कूड घातलं, म्हणजे आमच्या तटाभोवती त्यांचा तट. मग टेकडीच्या उतरत्या बाजूला, आमच्या वेशीशेजारीच, माती टाकायला लागले. टोपल्या टोपल्यांनी टाकत राहिले. त्या मातीचा दमदमा वर वर चढत आमच्या तटाच्या अर्ध्या उंचीला आला. त्यावरून ते आता नवा लाकडी मांडव ढकलत आणत होते. मांडवाच्या आत दोरखंडांना एक अख्खा बुंधा टांगलेला, आणि बुंध्याला पुढे लोखंडाचं तोंड. त्याला ते मेंढा म्हणत.

तोर्म्याचा तट माझ्या आजाने बांधायला घेतला, बापाने वाढवला आणि वरचे थर मी चढवले. मी गवंडी. नाव रेबुरो. माझ्या हातून कधी चिरा फुटल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. लोकांच्या हे लक्षात राहावं म्हणून मी ते त्यांना अधूनमधून सांगत असे.

घरी गेलो तर अंबाता आमची गादी दारातून बाहेर ओढत होती.

"एक टोक धरा," ती म्हणाली.

"कुठं चालवलीस?"

"तटावर. दोरीनं बाहेर सोडणार. मेंढा जिथं लागेल तिथं."

आमच्याकडे लग्नात मुलगी स्वतःच्या हाताने लोकर भरलेली गादी घेऊन येते. ती कुणी कुणाला देत नाही, पाहुण्यालासुद्धा नाही. तिच्यावर भांडणं होतात, सासवा टोमणे मारतात, लोकर कमी भरली म्हणून दोन दोन पिढ्या ऐकवतात. मी दारातच उभा राहिलो.

"तट माझा आहे, अंबाता. त्याला गादी कशाला?"

"तट तुमचा. पोरगी माझी."

आमची औनिया आत चुलीपाशी झोपली होती. तोंडात बोट, अंगावर माझी जुनी घोंगडी.

"त्या दगडांत मी लाकडं घातलीत," मी म्हणालो. "आपली रीतच तशी आहे. दगडाच्या थरात आडवं लाकूड. धक्का बसला तर लाकूड दबतं, तट फुटत नाही."

"नाही फुटणार. पण लागेल ना? कारो काय म्हणाला? फुटला तर, असं म्हणाला का लागला तर?"

मी गादीकडे बघितलं.

"लितेन्नोकाकांना वाटतंय पलीकडच्या खोऱ्यातले लोक येतील सोडवायला," ती म्हणाली. "येऊ देत. नाही आले तर काकांना विचार बदलायला थोडा वेळ लागेल. म्हाताऱ्या माणसाला लागतोच. तेवढा वेळ मेंढ्यानं लोकर खावी. आता धरता का टोक, का मी एकटी ओढू?"

मी टोक धरलं.

तटावर गेलो तर बाकीच्या बायकाही गाद्या घेऊन आल्या होत्या. अंबाताने सगळ्यांना कसं तयार केलं मला ठाऊक नाही. शेजारची दोविता म्हणत होती, "आधी माझ्या सासूची सोडा. माझी शेवटी." सासू मागेच उभी होती. ती म्हणाली, "सोडा. माझीत लोकर तरी आहे." त्या दिवसांत तेवढंच हसू होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मांडव हलला.

मी लितेन्नोच्या शेजारी तटावर उभा होतो. मांडव दमदम्यावरून हळूहळू वर येत होता. मागून माणसांची रांग अजून टोपल्या वाहत होती, मांडवाच्या चाकांखाली माती टाकत होती. लितेन्नो डोळ्यांवर हात धरून त्या रांगेकडे बघत होता.

"रेबुरो, तुझे डोळे चांगले आहेत. ती माणसं बघ. कसले झगे घातलेत?"

मी बघितलं. काळे, जाड लोकरीचे, उजव्या खांद्यावर बांधलेले. पलीकडच्या खोऱ्यातले लोक तसे बांधतात. दुसरं कुणी बांधत नाही.

"त्यांचेच आहेत, काका."

"धरून आणलेत?"

"पहारा दिसत नाही. स्वतःच वाहताहेत."

ज्यांची आम्ही वाट बघत होतो ते आले होते, आणि आमच्या तटापाशी मेंढा चढवायला माती टाकत होते. लितेन्नो खाली बसला. तटाला पाठ टेकून बसला आणि आपल्या तळव्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वेस उघडा."

कुणी हललं नाही.

"ऐकलं नाही का? वेस उघडा. कारोला हाक मारा, म्हणावं उघडतोय."

"काका," मी म्हणालो, "वेस चिणलीय."

"मग काढ."

"चिणायला जेवढा लागला त्याच्याहून काढायला जास्त वेळ लागेल. थरागणिक लाकूड घातलंय. वरून एकेक थर उतरवत यावं लागेल."

"कुणी सांगितलं होतं एवढं पक्कं करायला?"

"तुम्हीच," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग तो उठला आणि तटावरून वाकून ओरडू लागला, आम्ही शरण आलो, थांबा, आम्ही शरण आलो. कारोने वर बघितलं. मांडवामागे उभ्या असलेल्या एका ठेंगण्या, पिकल्या दाढीच्या माणसाच्या कानाशी लागून त्याने काहीतरी सांगितलं. तो ट्रेबियस. त्याने नुसती मान हलवली.

"वेस उघडा, काका," कारो ओरडला. "तोंडानं नको."

मांडव पुढे सरकत होता. मी पायऱ्या उतरून पळालो.

वेशीपाशी दहाबारा जण पहारी घेऊन आधीच वरच्या थराला भिडले होते. माझं मलाच वाईट वाटलं, इतकं ते काम चांगलं झालं होतं. पहारीचं टोक शिरायला सांधा सापडत नव्हता. एकाने मला शिवी दिली. दुसरा म्हणाला, "एवढं मन लावून कशाला करायचं रे?"

तेवढ्यात पहिला ठोका ऐकू आला. पोत्यावर काठी मारावी तसा, बसका. सगळे थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले.

"लोकरीचा आहे," मी म्हणालो. "दगडाचा नाही. काम करा."

दुसरा ठोकाही तसाच. मग वरून बायकांचा ओरडा झाला. रोमनांनी लांब काठ्यांना कोयते बांधले होते आणि ते गाद्यांचे दोर कापत होते. एक गादी पडली की बायका दुसरी सोडत होत्या. अंबाताचा आवाज मला त्यात ओळखू येत होता. ती ओरडत नव्हती, नुसतं सांगत होती, "डावीकडं. अजून. धरून ठेव."

वरून थर उतरवत गेलो असतो तर संध्याकाळ झाली असती. मोठ्या वेशीचा नाद सोडला. वेशीच्या दाराच्या एका फळीत खाली दिंडी होती, दारातलं छोटं दार, एक माणूस वाकून जाईल एवढी, आणि ती बाहेर उघडत होती. तिच्यापुढचे दगड काढले तर पुरे होतं. पण त्यांच्या डोक्यावर आडवं लाकूड होतं आणि लाकडावर वरचे सगळे दगड.

"करवत आणा," मी म्हणालो. "आणि गाडीची दांडी आणा, टेकण लावायला."

"वरचं अंगावर येईल," कुणीतरी म्हणालं.

"टेकण धरा घट्ट, म्हणजे नाही येणार."

मी लाकडाखाली आडवा पडलो आणि कापायला लागलो. ओलं ओकाचं लाकूड, मीच निवडून आणलेलं. करवत अडकत होती. भुसा डोळ्यांत जात होता. बाहेर ठोके चालूच होते, बसके, सारख्या अंतराने. मी कापत होतो आणि कान तिकडे होते. लाकूड करकरलं, दांडीवर भार आला, दांडी वाकली, पण राहिली. मी खालचे दगड पायाने आत ढकलले. दिंडीची कडी हाताला लागली.

मी दिंडी ढकलली आणि कोपरांवर सरपटत बाहेर गेलो. कमरेला खोचलेली हातोडी टाकून दिली. उभा राहिलो आणि दोन्ही हात वर केले.

आणि त्याच वेळी ठोका पडला. तो बसका नव्हता. लोखंड दगडावर वाजलं, कोरडं, स्वच्छ. मी जन्मभर दगडावर लोखंडच वाजवत आलेलो. तो आवाज ओळखायला मी चुकणं शक्य नव्हतं.

मांडवाखालचे शिपाई आनंदाने ओरडले. का ओरडले ते आम्हाला कळत होतं. मेंढा लागला होता. आता गाव त्यांचं होतं, घरं, बायका, पोरं, सगळं.

"उशीर केलास, रेबुरो," कारो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

"उघडलीय. बघ ना. दिंडी उघडलीय."

"मी बघतोय. पण आवाज झाला ना."

ट्रेबियसने हात वर केला. मेंढा थांबला. त्याने दिंडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग तटाकडे बघितलं. त्याने काहीतरी विचारलं आणि मांडवातले सगळे शिपाई एकदम उत्तर द्यायला लागले.

"विचारतोय, आधी काय झालं," कारो म्हणाला. "ते म्हणताहेत मेंढा आधी."

"वेस आधी," माझ्या मागून दिंडीतून डोकं काढून लितेन्नो म्हणाला.

"ते तुम्ही म्हणणारच, काका."

ट्रेबियस दमदमा चढायला लागला. त्याने मला बोट करून मागे यायला सांगितलं. मी गेलो. मांडवाच्या तोंडाशी शिपाई तलवारी काढूनच उभे होते. त्यांच्या मधून जाताना एकाने मला खांदा मारला.

तटावर शेवटची गादी लोंबत होती. मधोमध फाटली होती आणि भोकातून लोकर बाहेर आली होती. ट्रेबियसने हात घालून लोकर बाजूला केली. आत माझा चिरा होता. चिऱ्यावर तळहाताएवढा पांढरा डाग होता. दगड तिथे चुरला होता.

तो वळला आणि त्याने मला काहीतरी विचारलं.

"विचारतोय, हे काय," कारो म्हणाला.

मी वर बघितलं. बरोबर आमच्या डोक्यावर अंबाता वाकून उभी होती. तिच्या हाताला दोर गुंडाळलेला होता आणि दोर लाल झाला होता.

"कारोभाऊ," ती वरून म्हणाली, "त्यांना सांग, ते ह्यांनी फोडलंय."

"कुणी?"

"ह्यांनी. माझ्या नवऱ्यानं. परवा दोरासाठी खुंटी ठोकायला खाली लोंबकळले होते. एक घाव घातला आणि चिराच फोडून ठेवला. मी म्हटलं होतं, राहू द्या, तुमच्यानं व्हायचं नाही."

मी तिच्याकडे बघतच राहिलो.

"हो, मी होते तिथं," दोविता म्हणाली. "ह्यांचं नेहमीचंच आहे."

"आमची चूल त्यानंच बांधली," दोविताची सासू म्हणाली. "तीही फुटली."

ती चूल आजही उभी आहे.

कारो एकेक वाक्य ट्रेबियसला सांगत होता. ट्रेबियस ऐकत होता आणि माझ्या हातांकडे बघत होता. खाली दिंडीपाशी गावातले आणखी तीनचार जण बाहेर आले होते. लितेन्नो सगळ्यांपुढे उभा होता.

"खरं आहे का, काका?" कारोने खाली विचारलं.

लितेन्नो पंचांमध्ये निवाडा देताना उभा राहायचा तसा ताठ उभा राहिला. "बाप चांगला गवंडी होता," तो म्हणाला. "ह्याच्या हाताला यश नाही. माझ्या घराचा उंबरा घालवला ह्यानं. आम्ही चालवून घेतो, गावचाच आहे म्हणून."

ट्रेबियस माझ्याजवळ आला. त्याच्या अंगठ्याचं नख काळं होतं. हातोडीचा मार बसलेलं नख मला ओळखता येतं. त्याने शांतपणे विचारलं.

"तू फोडलास का, म्हणतो."

"हो," मी म्हणालो. "मीच. हात चुकला."

"नेहमी चुकतो का, म्हणतो."

वर अंबाता होती. तिच्या मागे गावातल्या सगळ्या बायका. आमची औनिया कुठेतरी कुणाच्या तरी कडेवर होती.

"नेहमी," मी म्हणालो.

ट्रेबियसने परत चिऱ्याकडे तोंड केलं. त्या पांढऱ्या डागावर अंगठा फिरवला. अंगठा वर करून बघितला. त्यावर दगडाची पूड होती, ताजी, पिठासारखी. परवाची पूड अशी राहत नाही, वारा नेतो. हे मला कळत होतं, आणि त्या काळ्या नखाच्या माणसालाही कळत असणार. त्याने अंगठा आपल्या झग्याला पुसला. मग शिपायांकडे वळून मोठ्याने काहीतरी बोलला. पुढचे दोघेतिघे हसले, मागचे नाही हसले. एक जण थुंकला. पण तलवारी म्यानात गेल्या.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

कारोचे डोळे भरून आले होते. "म्हणाला, बारा मुलखांत फिरलो, पण इतका वाईट गवंडी पाहिला नाही. म्हणाला, वेस आधी उघडली."

लोक दिंडीतून एकेक करून बाहेर यायला लागले. वाकून यायचे आणि बाहेर आल्यावर उभं राहून आपल्या अंगाकडे बघायचे. हत्यारं एका ढिगात टाकली. कुणी कुणाला हात लावला नाही. अंबाता सगळ्यांत शेवटी आली, औनियाला कडेवर घेऊन. तिचे दोन्ही तळवे सोलून निघाले होते. पोरीला तिने कोपरांनी धरलं होतं.

मी पोरीला घेतलं. आम्ही उतारावर जाऊन बसलो.

"रागावलात?" तिने विचारलं.

"कशाबद्दल?"

"सगळ्यांसमोर म्हटलं म्हणून."

"तू म्हणालीस ते ठीक," मी म्हणालो. "लितेन्नोकाकाचा उंबरा मी कधी बांधला?"

ती हसायला लागली. तिला पोट धरून हसता येईना, तशीच हात वर करून हसत बसली. मग रडली. मग परत हसली. औनियाला वाटलं काहीतरी खेळ चाललाय.

तट पाडायचा, अशी रोमनांची अट होती, आणि तो आम्हीच पाडायचा. दुसऱ्या दिवशी सुरुवात केली. मी वरच्या थराला पहार लावली, तर ट्रेबियस आला आणि नको म्हणाला. तो मला दमदम्यावर घेऊन गेला, तो डाग असलेला चिरा दाखवला आणि खुणेने सांगितलं, आधी हा. थराच्या मधला दगड आधी काढणं अवघड असतं. तो स्वतः दुसरी पहार घेऊन माझ्याबरोबर लागला. तो कामाला बरा होता. चिरा सुटला, तेव्हा त्याने तो दमदम्याच्या कडेपर्यंत ढकलत नेला आणि खालच्या चरात लोटून दिला. डागाची बाजू खाली गेलेली त्याने वाकून बघितली. मग मला काहीतरी म्हणाला. कारो जवळ नव्हता, त्यामुळे मला कळलं नाही.

घरी येऊन अंबाताला सांगितलं.

"काय म्हणाला असेल?" मी विचारलं.

"म्हणाला असेल, बायको चांगली मिळालीय, सांभाळ."

पुढे आम्हाला सपाटीवर गाव वसवायला लावलं. तिथली निम्मी घरं मी बांधली. तरी लोक मला फोड्या रेबुरोच म्हणत राहिले, अजून म्हणतात. नवीन लोकांना वाटतं खरंच माझा हात वाईट असेल. मी कुणाला काही सांगत नाही.

गेल्या हिवाळ्यात अंबाता गेली. छातीत कफ साठला होता. केस पांढरे झाले होते, दात थोडे राहिले होते, औनिया तिच्या पोरांना घेऊन जवळ होती. शेवटच्या दिवशी थोडी लापशी खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणाली. लोक भेटायला येतात, माझ्याशेजारी बसतात, वाईट झालं म्हणतात. झालं ना वाईट. घरात पाऊल टाकलं की मला काही सुचत नाही. पण मी त्यांना म्हणतो, म्हातारी होऊन गेली. आपल्या घरात गेली. मग आम्ही बराच वेळ उन्हात बसून राहतो.